कोणत्या बाई

पनवेलच्या आमच्या कॉलेजात बाईंचं खरं नाव फक्त मस्टरवर होतं. विद्यार्थी, शिपाई, ऑफिसातले क्लार्क, सगळ्यांसाठी त्या ‘कोणत्या बाई’. एका वर्षी नवे प्राचार्य आले. पहिल्याच दिवशी त्यांनी शिपायाला विचारलं, “बायोकेमिस्ट्रीला कोण आहे?”

“कोणत्या बाई.”

“अहो, तेच विचारतोय मी. कोणत्या?”

“तेच सांगतोय साहेब. कोणत्या.”

हे बराच वेळ चाललं म्हणतात. शेवटी बाईच तिथून जात होत्या. त्या दारात थांबल्या, “मी,” एवढंच म्हणाल्या आणि तासाला निघून गेल्या.

हे नाव का पडलं ते मला एम.एस्सी.च्या पहिल्याच तासाला कळलं. कॅन्सरची औषधं कशी काम करतात, असं त्यांनी विचारलं. मी आदल्या दिवशीच वाचून आले होते. उभी राहिले आणि ठणकावून म्हणाले, “पॅक्लिटॅक्सेल हे औषध ट्युब्युलिनला चिकटतं आणि पेशीचं विभाजन थांबवतं.”

“कोणत्या?”

“कोणत्या म्हणजे?”

“कोणत्या ट्युब्युलिनला?” मी घाईघाईने पुस्तक चाळायला लागले. बाई म्हणाल्या, “बस. पुस्तक बंद कर आणि बस.”

ट्युब्युलिन हे आपल्या प्रत्येक पेशीत असणारं प्रथिन. त्याचे कण एकाला एक जोडले जाऊन बारीक पोकळ नळ्या तयार होतात. पेशी दुभंगताना या नळ्याच गुणसूत्रं दोन बाजूंना ओढून नेतात. औषध नळ्यांना चिकटून त्यांना जागच्या जागी थिजवतं, मग पेशीला दुभंगता येत नाही आणि ती मरते. एवढं पुस्तकात होतं. बाईंचं भांडण पुस्तकाशीच होतं. पुस्तकात ट्युब्युलिन एकच असल्यासारखं लिहिलेलं असतं आणि माणसाच्या अंगात त्याचे कितीतरी प्रकार असतात. नसांमध्ये, म्हणजे मज्जातंतूंमध्ये, एक प्रकार जास्त, रक्ताच्या पेशींमध्ये दुसरा. सगळे एकमेकांसारखेच, फक्त मोजक्या जागी फरक. पण त्यातली एखादी जागा औषध बसतं त्या खोबणीजवळची असली तर? औषध तिथे तितकंच घट्ट बसेल? हा ‘तर’ धरून बाईंनी वीस-बावीस वर्षं काढली होती.

वडाळे तळ्याजवळ दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. पुढे मी त्यांच्याकडेच पीएच.डी.ला लागले तेव्हा तिथे जाणं-येणं सुरू झालं. हॉलच्या चारही भिंतींवर कागदाच्या लांबलचक पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, एकीखाली एक. प्रत्येक पट्टी म्हणजे एका ट्युब्युलिनची साडेचारशेच्या आसपास अक्षरं, प्रथिनातल्या एकेका घटकाला एक. जिथे वरच्या आणि खालच्या पट्टीतलं अक्षर वेगळं, तिथे बाईंनी लाल टिकली लावलेली. खोबणीजवळ असेल तर मोठी, मरून रंगाची. स्वतः त्या कपाळाला कधी टिकली लावत नसत. बाजारातला दुकानदार त्यांना दहा-दहा पाकिटं घेताना बघायचा. एकदा न राहवून त्याने विचारलं, “बाई, घरात लग्न आहे का?”

“नाही. फरक आहेत,” बाई म्हणाल्या.

कामाला येणाऱ्या मावशी त्या भिंतींना हात लावत नसत. फरशी पुसून झाली की टिकल्यांकडे तोंड करून नमस्कार करायच्या. कसला मंत्र आहे, असं त्यांनी मला हळूच विचारलं होतं. मी समजावून सांगितलं तर म्हणाल्या, “औषधाचं हाय ना? मग नमस्कार बरोबरच हाय.”

बाई बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. वडील पोस्टात होते. दोघे भाऊ आणि बहीण इस्रायलला जाऊन पिढी उलटली, बाई एकट्या राहिल्या. लग्न केलं नव्हतं. दर रविवारी भावाचा व्हिडिओ कॉल यायचा. “आता तरी ये इकडे,” भाऊ म्हणायचा. “तिकडे माझ्याशी मराठीत भांडणार कोण?” असं बाईंचं ठरलेलं उत्तर. मग दोघं अर्धा तास मराठीत भांडायची.

बाजारातली मासळीवाली त्यांच्यापुढे हात टेकायची. बाईंच्या धर्मात खवल्यांचाच मासा चालतो. “बाय, समदी खवल्याचीच हायत,” ती म्हणायची. “कोणती?” असं म्हणून बाई पाटीपुढे बसून एकेक मासा उलटून बघायच्या, मागे गिऱ्हाइकांची रांग. शेवटी मासळीवालीने त्यांच्यासाठी वेगळी टोपलीच ठेवली.

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत बाई कॉम्प्युटरवर मोठा हिशेब लावून द्यायच्या, औषधाचा रेणू कुठल्या ट्युब्युलिनच्या खोबणीत किती घट्ट बसतो याचा, आणि पडद्यावर टॉवेल टाकायच्या. शनिवार त्यांचा शब्बाथ, कामाला हात न लावायचा दिवस; रात्री आकाशात तीन तारे दिसेपर्यंत टॉवेल काढायचा नाही. “यंत्राला शब्बाथ नाही, मला आहे,” म्हणायच्या. मी म्हणायची, नुसतं डोकावून बघितलं तर? “बघणं हेच तर आपलं काम.”

हे सगळं मी मैत्रिणींना हसत हसत सांगायची. माझ्या घरात ते औषध आलं तोपर्यंत.

आम्ही जासईचे. मिठागर आणि भाताची जमीन गेली, त्या जागी आता कंटेनर यार्ड आहे. बाबा आणि धाकटे काका मिळून ट्रेलर चालवायचे. घर एक, जेवण एक. आईच्या अंडाशयात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग हेच औषध दर तीन आठवड्यांनी. केस गेले, पाय बधिर झाले, पण गाठ गेली. सव्वा वर्षाने ती परत आली. पहिल्यांदा औषध लागू पडलं होतं म्हणून डॉक्टरांनी तेच पुन्हा सुरू केलं. या वेळी नेहमीच्या दुकानात त्या कंपनीचं नव्हतं. काका दिवसभर वणवण करून दुसऱ्या कंपनीचं घेऊन आले. तीन डोस झाले. चौथ्याची बाटली फ्रिजच्या दारात तयार होती तेव्हा स्कॅनचा रिपोर्ट आला. गाठी वाढल्या होत्या. डॉक्टरांनी औषध बंद केलं.

बाबा घरी आले ते थेट काकांसमोर उभे राहिले.

“पयलं आनला तवा बरी जाली. तू आनलास न् वाढला. नकली औषध आनलास तू! पानी टोचलास माज्या बायकोला!”

काकांनी गादी गुंडाळली आणि यार्डातल्या पत्र्याच्या ऑफिसात जाऊन राहिले. जेवायला धाब्यावर. काकू स्वयंपाक करताना रडायची, बाबा ताटावरून अर्ध्यात उठायचे. आई मला म्हणाली, “माजा जो व्हायचा तो होईल. पन हे दोगं येगलं जेवतान, ता मना बगवत नाय.”

मी बाईंकडे गेले. सगळं सांगितलं आणि म्हणाले, “तुम्ही एकदा बाबांना सांगा ना. औषध खरं होतं, आईच्या गाठीतलं ट्युब्युलिन बदललं म्हणून लागू पडलं नाही.”

“हे तुला कोणी सांगितलं?”

“तुमच्या भिंतीवरच आहे की.”

“भिंतीवर प्रथिन आहे. तुझी आई नाही.” बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. “तिच्या गाठीत कोणतं ट्युब्युलिन आहे ते मला माहीत नाही. बाटलीत कोणतं औषध होतं तेही माहीत नाही.”

“मग खोटं बोला. एकदाच. माझ्या आईसाठी.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तुझे बाबा मला ओळखत नाहीत. मी शिकलेली म्हणून ते विश्वास ठेवतील. उद्या माझं बोलणं खोटं निघालं तर तुझे काका दुसऱ्यांदा चोर ठरतील, आणि तेव्हा त्यांच्या बाजूने बोलायला कोणी उरणार नाही. मी नाही बोलणार.”

मला इतका राग आला की मी उठून उभी राहिले. “तुम्हाला माणसं कळत नाहीत बाई. अक्षरं तेवढी कळतात.”

मी बॅग उचलून निघाले आणि कॉलेजला जायचं बंद केलं.

नवव्या दिवशी त्यांचा फोन आला. कशी आहेस नाही, आई कशी आहे नाही.

“ती चौथी बाटली अजून आहे?”

“आहे.”

“आधीच्या तीन बाटल्यांची खोकी?”

आई कुठलंही खोकं टाकत नाही. त्यात ती सुया-दोरे ठेवते. मी म्हणाले, आहेत.

“बॅच नंबर वाच. चारही बाटल्यांचे.”

मी वाचले. चारही एकच होते. पलीकडून पेन खरखरल्याचा आवाज आला. “बाटली आणि खोकी घेऊन पनवेलच्या एसटी स्टँडवर ये. बाटली थंड ठेवायची गरज नाही, फक्त फोडू नकोस.”

स्टँडवर त्या साडीवर कॅनव्हासचे बूट घालून उभ्या होत्या. बाटली रुमालात गुंडाळून त्यांनी पर्समध्ये ठेवली आणि तळोज्याची बस पकडली. मला बरोबर घेतलं नाही.

तळोज्याला काय झालं ते मला खूप नंतर त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितलं. तो तिथे एका औषधाच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळायचा. बाहेरची बाटली आतल्या मशीनवर तपासणं नियमात बसत नव्हतं, म्हणून पहिल्या दिवशी त्याने गेटवरच नाही म्हटलं. बाई दुसऱ्या दिवशी आल्या आणि सिक्युरिटीच्या स्टुलावर बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन आल्या. सिक्युरिटीवाला त्यांना चहा द्यायला लागला. विद्यार्थ्याने साहेबांकडे जाऊन रीतसर परवानगी मागितली. साहेबांनी विचारलं, कोण बाई आहेत या? तो म्हणाला, “सर, मी सही करताना तीनदा तपासतो ना, ते यांच्यामुळे.” परवानगी मिळाली. बाईंनी एकदा तपासून ऐकलं नाही. तीनदा तपासायला लावलं.

मग एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला त्या जासईला आमच्या दारात उभ्या. उरणच्या बसने आल्या होत्या. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, “काकांना बोलाव. ते आल्याशिवाय मी सांगणार नाही.”

काका आले, पण पायरीवरच थांबले. बाबा खुर्चीत, त्यांच्याकडे पाठ करून. आई पलंगावर उशीला टेकून बसली होती. काकूने पाणी आणलं. बाईंनी कागद काढला आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाल्या, “बाटलीत औषध होतं. जेवढं लिहिलंय तेवढंच होतं. पाणी नव्हतं. चारही बाटल्या एकाच बॅचच्या. तीन वेळा तपासलंय.”

बाबांनी खुर्ची वळवली.

“मंग लागला कां नाय?” बाबांनी विचारलं.

“हिच्या बाबतीत माहीत नाही. पण खरं औषधसुद्धा लागू न पडण्याची कारणं असतात. त्यातल्या एकावर मी काम करते.” बाईंनी दारातून दिसणाऱ्या, कंटेनर लादलेल्या ट्रेलरकडे बोट दाखवलं. “तो डबा ट्रेलरवर कसा बसतो?”

“कोपऱ्याला भोकं असतान. खालना लॉक घालून फिरवाचा.”

“भोक जरा वेगळं असलं तर?”

“लॉक बसल पन फिरनार नाय. डबा वरती ऱ्हाईल, पन ढिला.” बाबांनी तळहात तिरका केला. “ब्रेक मारला का पडल.”

“तसंच. औषध म्हणजे लॉक. गाठीतल्या पेशी कधीकधी भोकाचा आकार थोडा बदलतात. दुसऱ्या प्रकारचं प्रथिन बनवतात.”

“दुसऱ्या म्हंजे कंच्या?” हे आईने विचारलं. बाईंनी पहिल्यांदाच वळून तिच्याकडे नीट पाहिलं. ‘कोणत्या?’ हा त्यांचाच प्रश्न त्यांना समोरून विचारलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

“एरवी नसांमध्ये जे असतं ते,” बाई म्हणाल्या आणि खुर्ची पलंगाजवळ ओढून बसल्या. “तुमचे पाय बधिर झाले ना? नसांमध्येही अशाच नळ्या असतात, त्यांनाही हे औषध त्रास देतं.”

आईने विचार केला. “म्हंजे त्या गाठीनं माज्या नसांची वस्तू चोरली, असा?”

“बरोबर,” बाई म्हणाल्या. मी तीन वर्षं त्यांच्याकडे होते. फार तर ‘असू शकेल’ म्हणत. ‘बरोबर’ मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

आई हसली. केस नसलेल्या डोक्यावरून पदर नीट करत म्हणाली, “बगा, अडानी असून कलला मना.”

बाबा उठले. “मंग चूक कोनाची, बाई?”

“ते मला माहीत नाही. तुमच्या भावाची नाही. एवढं माहीत आहे.”

बाबा दारात गेले. काका खाली बघत होते. बाबांना माफी मागता येत नाही, तशी त्यांनी आयुष्यात कोणाची मागितलेली नाही. त्यांनी काकांच्या हातातली गाडीची किल्ली घेतली, खिळ्याला अडकवली आणि आत बघून काकूला म्हणाले, “दोगांचा वाढ.”

बाई जेवायला थांबल्या. ताटात कोळंबी आली. त्यांना ती चालत नाही हे मला सुचायच्या आत त्यांनी वाटी हळूच माझ्याकडे सरकवली आणि भाकरी वांग्याच्या भाजीबरोबर खाल्ली. तीन खाल्ल्या.

जाण्यापूर्वी त्या आईजवळ बसल्या. गाठ परत आली तेव्हा तपासणीसाठी काढलेला तिचा तुकडा हॉस्पिटलात मेणात जपून ठेवलेला होता. आमच्या अभ्यासासाठी तो घ्यायला तुमची परवानगी हवी, त्याचा तुम्हाला काही उपयोग होणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आई म्हणाली, “मना नको तर नको. कोनाला तरी व्हईल.” तिने अर्जावर सही केली. तिची सही मी त्याआधी फक्त माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पाहिली होती.

डॉक्टरांनी वेगळ्याच जातीचं औषध दिलं. त्याने गाठी काही महिने थोपवल्या. आईला त्या घटनेनंतर दहा महिने मिळाले. त्या दहा महिन्यांत दोघे भाऊ एकाही दिवशी वेगळे जेवले नाहीत. ती गेली तेव्हा तिच्या एका बाजूला बाबा होते, दुसऱ्या बाजूला काका.

आईचा तुकडा आमच्या अभ्यासात आला तेव्हा ती जाऊन सहा महिने झाले होते. नमुन्यांवर फक्त आकडे असतात, पण तिचा आकडा कोणता ते बाईंना आणि मला माहीत होतं. हे काम दुसऱ्या कोणाला देऊ का, असं त्यांनी विचारलं होतं. मी नको म्हणाले. नसांमधला तो प्रकार जिथे असेल तिथे तपकिरी रंग येतो, बाकी सगळं निळं राहतं.

मी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि बाजूला झाले. बाईंनी पाहिलं. खूप वेळ पाहत राहिल्या. मग काचपट्टी एका कडेला सरकवून मला म्हणाल्या, “हे बघ.” कडेला एक बारीकशी नस कापली गेली होती. ती गडद तपकिरी होती. म्हणजे रंग नीट लागला होता, आमची चूक नव्हती. आणि शेजारी आईची गाठ. पूर्ण निळी.

“तो प्रकार नाही,” बाई म्हणाल्या. “निदान गाठ परत आली तेव्हा तरी नव्हता. माझं कारण इथे लागू होत नाही.”

त्या दिवशी त्यांनी माझं ऐकलं असतं, तर आमच्या घरातला तो समेट एका खोट्यावर उभा राहिला असता, आणि तो खोटेपणा आज माझ्याच हातांनी उघडा पडला असता.

बाईंनी दिवा बंद केला. “तुझ्या आईला मी बरोबर म्हटलं होतं.”

“तिला कळलं याचा तिला आनंद झाला होता, बाई. नंतर गावभर सांगत होती.”

“असू शकेल म्हणायला हवं होतं.” त्यांनी डोळे पुसले. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही कधी पाहिलं नाही. मग वहीत आईच्या आकड्यासमोर ‘नाही’ लिहिलं आणि वही माझ्यापुढे केली. “सही कर. तू पाहिलंस.”

मी सही केली.

बाबांना सांगायचं की नाही, याचा मी संध्याकाळी जासईला जाताना बसमध्ये विचार करत होते. ते आणि काका यार्डाच्या कठड्यावर बसले होते, समोर एक ट्रेलर धुतला जात होता. मी त्यांच्याजवळ बसले आणि सांगून टाकलं, “आईच्या गाठीचं तपासलं आम्ही. ते लॉकचं कारण नव्हतं.”

“म्हंजे बाईंचा चुकला?”

“तुम्हाला बाईंनी तसं म्हटलंच नव्हतं, बाबा. माहीत नाही म्हणाल्या होत्या.”

“हां. बोलल्या व्हत्या.” त्यांनी ट्रेलरवरून ओघळणारं पाणी बघितलं. काका माझ्याकडे बघत होते, एकदम ताठ बसलेले. बाबांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी न बघताच काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि तो तिथेच राहू दिला.

“मंग कशामुलं जाला?”

“ते अजून कळलं नाही.”

“शोद मंग,” बाबा म्हणाले.